मदत हवी आहे: दुबईत ट्रेडमार्क वितरकाच्या नावावर काढू द्यावा का?

नमस्कार मंडळी,

साताऱ्यात आमचा कांदा-लसूण मसाल्याचा घरगुती उद्योग आहे. भाजणं-कांडणं आई आणि वहिनी बघतात, विक्री माझ्याकडे. आता दुबईच्या एका वितरकाची मोठी ऑर्डर आली आहे. माणूस बोलायला चांगला आहे, पण तिथला ट्रेडमार्क त्याच्या नावावर काढू द्या, कामं पटापट होतील, असा त्याचा आग्रह आहे. मला हे अजिबात पटत नाही. उद्या बिनसलं तर आमच्याच नावाचा मसाला तिथे विकायला आम्हालाच बंदी व्हायची! आईच्या कष्टाचं नाव आहे ते.

भारतातली नोंदणी भारतापुरतीच चालते, हे कळलंय. माद्रिद प्रोटोकॉलमध्ये (एकाच अर्जातून अनेक देशांत ट्रेडमार्क नोंदवायचा आंतरराष्ट्रीय करार) भारत २०१३ पासून आहे आणि यूएई २०२१ पासून, त्यामुळे इथूनच अर्ज करता येतो. पण आमच्या इथल्या अर्जावर (वर्ग ३०, म्हणजे मसाले वगैरेंचा ट्रेडमार्क वर्ग) हरकत आली आहे. आंतरराष्ट्रीय नोंदणी पहिली पाच वर्षं मूळ अर्जावर अवलंबून असते, म्हणजे इथला अर्ज फेटाळला तर तिकडचीही नोंदणी जाते. मग माद्रिदने जावं, की यूएईत वकील लावून थेट अर्ज करावा? अरबीत लिहिलेल्या नावाचा वेगळा अर्ज करणं फायद्याचं ठरतं का?

वितरकाशी करार करताना नावाच्या मालकीबद्दल तुम्ही कोणती कलमं घातलीत? आखातात स्वतः माल पाठवणाऱ्यांनी कृपया सांगा. पहिला माल पुढच्या महिन्यात निघायचाय.