टायरमध्ये नायट्रोजन (किंवा हेलियम वगैरे) भरून गाडीत खरंच फरक पडतो का?

हिरवी_टोपी:
मंडळी, बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. मागच्या आठवड्यात टायर रोटेशनला गाडी दिली होती, तिथल्या पोराने विचारलं नायट्रोजन मारू का, मी आपलं हो म्हणून टाकलं, आणि चारही व्हॉल्वला हिरव्या टोप्या घालून गाडी परत आली. आता खरं सांगायचं तर गाडी बदललीये राव. स्टेअरिंग हलकं लागतंय, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी लांबपर्यंत पळत राहते. पण ऑफिसातला एक मित्र म्हणतो सगळं थोतांड आहे, हवेत नायट्रोजन असतोच. दुसरा म्हणतो हेलियम भरलं तर टायर हलके होऊन पिकअप वाढेल. मला शाळेतलं केमिस्ट्री आठवत नाही, कोणीतरी नीट सांगा, गॅसने परफॉर्मन्स वाढतो की मीच येडा बनलोय?

वंगण:
पहिला मित्र बरोबर आहे. हवेत 78 टक्के नायट्रोजन, 21 टक्के ऑक्सिजन, उरलेल्या एका टक्क्यात बहुतेक आर्गॉन. म्हणजे तू आधीपण नायट्रोजनवरच फिरत होतास, फक्त टोपी काळी होती.
एक सांग, नायट्रोजन भरायच्या आधी टायरमध्ये प्रेशर किती होतं?

हिरवी_टोपी:
ते नाही बघितलं. शेवटची हवा कधी भरली तेही आठवत नाही, तीन-चार महिने झाले असतील.

वंगण:
झालं तर मग. सव्वीस-सत्तावीस पीएसआयवर (टायरमधलं प्रेशर मोजायचं माप) आलेला टायर बत्तीसला नेला की स्टेअरिंग हलकं होणारच आणि गाडी मोकळी पळणारच, त्यात गॅसचा काय संबंध. साधी हवा भरली असतीस तरी हेच पोस्ट टाकलं असतंस. मायलेजचं पण तेच, चारही टायरचं सरासरी प्रेशर 1 पीएसआयने उतरलं की साधारण 0.2 टक्के मायलेज जातं, आत कुठला गॅस आहे ते टायर विचारत नाही.

फावला_वेळ:
हेलियमवाल्याचा हिशोब मी करून देतो, तसाही आज काम नाहीये. मध्यम आकाराच्या गाडीच्या टायरमध्ये आतली जागा साधारण 35 लिटर धरा. गेज 32 पीएसआय दाखवतो तेव्हा आतलं खरं प्रेशर बाहेरची हवा धरून 46-47 पीएसआय असतं, म्हणजे वातावरणाच्या सव्वातीन पट. तर आत हवा मावते साधारण 130-135 ग्रॅम. बस! तेवढ्याच प्रेशरला हेलियम भरलं तर 18-19 ग्रॅम. म्हणजे वजन वाचलं एका टायरमागे सव्वाशे ग्रॅमच्या आत, चारही मिळून अर्धा किलोसुद्धा नाही. सीटखाली पडलेल्या पाण्याच्या बाटल्या काढल्यात तरी यापेक्षा जास्त वजन कमी होईल. आणि साधी हवा काढून नायट्रोजन भरला तर एका टायरमागे वाचतात चारेक ग्रॅम 😂
वर हेलियमचा अणू एवढा बारीक की रबरातून भराभर निसटतो, फुग्याचं दुसऱ्या दिवशी काय होतं ते सगळ्यांनी बघितलंय. रोज सकाळी उठून भरत बसा. हायड्रोजन त्याहून हलका पण तो कोणी ट्राय करू नका प्लीज, पेट घेतो.

पाना_नंबर_दहा:
सगळे नायट्रोजनवर तुटून पडलेत म्हणून लिहितोय. अगदीच थोतांड नाहीये ते. कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकन ग्राहक संस्थेने 31 मॉडेलचे टायर घेऊन वर्षभर टेस्ट केली होती, 30 पीएसआय भरून नुसते ठेवून दिले. वर्षाने हवावाले सरासरी 3.5 पीएसआय उतरले आणि नायट्रोजनवाले 2.2. ऑक्सिजन रबरातून नायट्रोजनच्या तिप्पट-चौपट वेगाने झिरपतो म्हणून हा फरक. आता वर्षाला 1.3 पीएसआय म्हणजे किती ते ज्याने त्याने ठरवावं, पण फरक आहे हे नाकारू नका.
खरी गोम वेगळीच आहे, ओलावा. मी काही वर्षं गॅरेजमध्ये काढलीत. कंप्रेसरच्या टाकीखाली एक कॉक असतो, तो रोज उघडायचा असतो, उघडला की फस्स करून चहाच्या रंगाचं गंजकं पाणी येतं, कधीकधी पेलाभर. जिथे तो कॉक महिनोन्‌महिने कोणी उघडत नाही तिथे ते पाणी पाइपातून थेट तुमच्या टायरमध्ये जातं. टायर काढताना रिममध्ये पाणी डचमळताना मी स्वतः बघितलंय. मग होतं काय, कोरडी हवा असो की नायट्रोजन, तापल्यावर प्रेशर सारखंच वाढतं, दर 10 डिग्रीला साधारण दीड पीएसआय, त्यात गॅसनुसार फरक पडत नाही. पण आत पाणी असेल तर त्याची वाफ वरून भर घालते. टायर 25 वरून 60 डिग्रीला गेला तर निव्वळ वाफेचे दोन-अडीच पीएसआय जादा. रेसवाल्यांना हेच नको असतं कारण त्यांचा सेटअप अर्ध्या पीएसआयवर हलतो. नायट्रोजन सिलिंडरमधून कोरडा येतो म्हणून ते वापरतात. कोरडी केलेली साधी हवा पण तेच काम करते.

वंगण:
मान्य. पण मग दुकानातला नायट्रोजन पण नीट भरायला हवा ना. जुनी हवा सोडली तरी टायर रिकामा होत नाही, बाहेरच्या प्रेशरइतकी हवा आत राहतेच. 47 मधली 15 म्हणजे जवळपास एक तृतीयांश. त्यावर अगदी शंभर टक्के शुद्ध नायट्रोजन मारला तरी आत साडेसहा टक्के ऑक्सिजन उरतो. मशिनमधून 95 टक्केवाला येत असेल तर दहाच्या आसपास. म्हणून दोनदा-तीनदा भरून सोडावं लागतं. हिरव्या टोपी, तुझ्या पोराने किती वेळा सोडली?

हिरवी_टोपी:
मी बाहेर फोनवर होतो 🙈 पण पाच मिनिटांत चारही झाले एवढं नक्की.

वंगण:
मग त्याने नुसती वरून टॉप मारली असणार. टोपीचाच परफॉर्मन्स आहे तुझा.

धावपट्टी:
विमानाचं कोणीच कसं लिहिलं नाही? तिथे नायट्रोजन ही हौस नाही, नियम आहे. 31 मार्च 1986 ला मेक्सिकाना या मेक्सिकोच्या विमान कंपनीचं बोइंग 727 पडलं, 167 माणसं गेली. चाकाचा ब्रेक चिकटून टायर भयंकर तापला, आणि त्यात नायट्रोजनऐवजी साधी हवा होती. एवढ्या तापात रबरातून निघणाऱ्या वाफा आणि आतला ऑक्सिजन मिळून स्फोट होतो, नुसतं फुटणं वेगळं आणि हे वेगळं. आता अमेरिकन नियमाप्रमाणे 75 हजार पाउंड वजनाच्या वरच्या विमानात ब्रेकवाल्या चाकांत कोरडा नायट्रोजन किंवा दुसरा निष्क्रिय वायूच हवा, ऑक्सिजन 5 टक्क्यांच्या वर चालत नाही. तुमच्या गाडीचा ब्रेक तेवढा तापला तर टायरच्या आधी बाकीच्याच काळज्या जास्त असतील.

चिकेन_फ्लॅग:
फॉर्म्युला वनमध्ये या गॅसवरून पण भानगड झालेली. 2007 चं ते हेरगिरी प्रकरण आठवतंय का, फेरारी टीमची गुपितं मॅक्लारेन टीमकडे गेली आणि मॅक्लारेनला 100 मिलियन डॉलर दंड झाला ते? त्या निकालात मॅक्लारेनचा टेस्ट ड्रायव्हर डे ला रोसाचे ईमेल आहेत, त्यात फेरारी टायरमध्ये कुठला वेगळा गॅस भरते ज्याने आतलं तापमान आणि टायरवर फोड येणं कमी होतं, ही चर्चा आहे. म्हणजे पार तिथले लोकसुद्धा आपल्यासारखेच याच्यावर डोकं खाजवत होते. आता नियमच आहे, हवा किंवा नायट्रोजन, तिसरं काही नाही.
(आणि कोणीतरी येऊन नायट्रोजन म्हणजे तो सिनेमातला निळ्या ज्वाळांचा नायट्रो का असं विचारायच्या आत सांगतो, नाही. तो नायट्रस ऑक्साइड, तो इंजिनात जातो.)

फावला_वेळ:
अजून एक गंमत ऐका. हलका गॅस सोडा, उलट बाजूने पण प्रयोग झालेत. सल्फर हेक्झाफ्लोराइड, हवेच्या पाचपट जड, रेणू एवढा मोठा की रबरातून निघतच नाही लवकर. जर्मनीत खरंच भरायचे गाड्यांच्या टायरमध्ये. पण हा गॅस हरितगृह वायूंमधला बाप आहे, शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या साडेतेवीस हजार पट. वरचाच 35 लिटरचा टायर धरला तर त्यात 680 ग्रॅमच्या आसपास बसेल, तो एक टायर फुटला की 16 टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. युरोपात जुलै 2007 पासून टायरसाठी बंदच केला.

सायकलवाली:
कार्बन डायऑक्साइड राहिला. आम्ही सायकलवर छोटी काडतुसं ठेवतो, पंक्चर काढलं की दोन सेकंदात टायर टणक, व्हॉल्वला बर्फ धरतो इतकं गार होतं. पण तो रबरात विरघळतो आणि लवकर उतरतो, दुसऱ्या दिवशी टायर मऊ. घरी आलं की सोडून साधी हवा भरायची हे आमचं ठरलेलं.

हिरवी_टोपी:
सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. एक शेवटचं, आता कमी झालं तर यात साधी हवा भरली तर चालेल का? दोन गॅस मिसळून काही लफडं?

पाना_नंबर_दहा:
बिनधास्त भरा, काही होत नाही. फक्त सकाळी गाडी हलवायच्या आधी गार टायरवर बघा, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो त्यावरचा आकडा. पळवून आलात की 32 चा 36 दिसतो, तो बघून हवा सोडू नका, फार लोक तिथेच चुकतात. आणि स्टेपनी बघा, ती कोणीच बघत नाही.

हिरवी_टोपी:
आत्ता गेज घेऊन खाली जाऊन आलो. चारही 32, एक 31. डिकीतलं सामान काढून स्टेपनी पण बघितली.
14 निघाली.
तिच्यावर टोपीच नाहीये, हिरवी नाही की काळी नाही.