जुन्या जनगणनेवरून स्थलांतर आणि शेतमजुरी कळते का?

माळरान: सोलापूर जिल्ह्यातून माणसं कधी बाहेर पडली म्हटलं की सगळे 1972 च्या दुष्काळापासून सुरुवात करतात. त्याआधीचं काय? 1872 आणि 1881 च्या जनगणना शेजारी ठेवा. मधे 1876-78 चा दुष्काळ, आणि जिल्ह्याची लोकसंख्या वाढायची सोडून घटलेली. भूमिहीन माणसाचं नाव जमिनीच्या दप्तरात नसतं. त्याची मोजदाद झाली ती इथंच. जुनी जनगणना वाचल्याशिवाय शेतमजुरांचा इतिहास लिहूच नये, असं माझं ठाम मत आहे.

ज्वारीचं कोठार: घटले त्यातले मेले किती आणि परागंदा झाले किती, हे तो आकडा सांगत नाही. जन्मस्थानाच्या तक्त्यावरही फार विसंबू नका. इंग्रजी अमदानीत मंगळवेढा सांगली संस्थानात होतं, अक्कलकोट तर स्वतंत्र संस्थान. मंगळवेढ्याची लेक पंढरपूरला नांदायला आली की झाली 'जिल्ह्याबाहेर जन्मलेली'. याला स्थलांतर म्हणायचं?

माळरान: हद्दींचा मुद्दा रास्त आहे. पण त्या तक्त्यात बायका-पुरुष वेगळे मोजलेत. शेजारच्या मुलखातून आलेल्यांत बायका बऱ्याच जास्त दिसल्या तर ती बहुतेक सोयरीक, पुरुष जास्त दिसले तर कामधंदा. एवढं तरी नक्की वाचता येतं.

कोयता: ऊसतोडीवाल्यांचं काय करणार? तोड दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालते. 2011 ची गणती झाली 9 ते 28 फेब्रुवारीला. तेव्हा करमाळ्या-सांगोल्याची जोडपी ऊसाच्या फडावर, कोपीत म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. मोजली तर कारखान्याकडची, नाहीतर कुठलीच नाहीत. बायकांचं त्याहून वाईट. 1961 ला हंगामात रोज तासभर नियमित राबणारीही कामकरी धरली. 1971 ला विचारलं, मुख्य काम काय? 'घरकाम' म्हणाली की ती कामकऱ्यांतून बाद. खुरपणी तीच, रानही तेच. आकडा पडला म्हणून मजुरी घटली असं लिहिणारे मला पटत नाहीत. त्यापेक्षा मुकादमाच्या, म्हणजे तोडीला मजूर आणणाऱ्याच्या, वह्या बघा. उचल म्हणजे आगाऊ रक्कम किती, कोयते किती, सगळं असतं.

माळरान: वहीत एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून, आणि उचल बहुधा नवऱ्याच्या नावावर. मग बाई तिथं तरी कुठं दिसते? घरोघरचे फॉर्म 1948 च्या कायद्यानं गोपनीय आहेत, त्यामुळे नावं मिळणार नाहीत. पण 1961 च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गाववार शेतमजूर बायका वेगळ्या मोजल्यात. करमाळा तालुक्याची पानं मी काढतो. 1971 ची तुम्ही काढा, व्याख्येतला फरक वर लिहून मगच आकडे मांडू.

कोयता: काढतो. वह्याही आणणार.