प्रतिसाद: पालीची पकड
निसर्गातल्या रचनांवरून तंत्रज्ञान बेतण्याच्या या चर्चेत वर बुलेट ट्रेनचं नाक खंड्या पक्ष्याच्या चोचीवरून बेतल्याचं उदाहरण आलंय, छानच आहे. पण आकारापेक्षा त्यामागची युक्ती जास्त मोलाची, असं मला वाटतं. पालीचा पाय घ्या. डिंक नाही, काही नाही. बोटांखाली लाखो सूक्ष्म केस, प्रत्येकाच्या टोकाला शेकडो फाटे, एकेक फाटा मिलिमीटरच्या सुमारे ५ हजाराव्या भागाएवढा. ते भिंतीच्या इतके जवळ जातात की रेणूंमधलं क्षीण व्हॅन डर वाल्स आकर्षणच पालीला पेलतं. जीवशास्त्रज्ञ केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हे दाखवून दिलं. आणि खरी कमाल सुटण्यात आहे! केसाचा भिंतीशी होणारा कोन साधारण ३० अंशांपुढे गेला की पकड आपोआप सुटते. पालीवरून बनवलेल्या कोरड्या चिकटपट्ट्या मी तरी याच कसोटीवर जोखेन.