आधी दरीचा छेद, घरं नंतर

स्वित्झर्लंडमधल्या व्रिन या डोंगरी गावात अभ्यासाला जाणाऱ्या नाशिकच्या मुलांनी पोचल्यावर लगेच घरांची मापं घेऊन ती रेखाटायला घ्यावीत का, असा प्रश्न आहे. माझ्या मते नको. आधी दरीचा आडवा छेद (दरी आडवी कापली तर दिसेल तसं चित्र) काढा, नदीपासून वरच्या कुरणापर्यंत, १:५००० वर, उभं-आडवं माप एकच ठेवून. उभं माप फुगवलं की उताराचा कोन खोटा पडतो आणि सावलीचं गणितही फसतं.

सगळी मेख त्या गणितातच आहे. डिसेंबरअखेर भरदुपारी सूर्य नाशिकला साधारण ४६.५ अंशांवर असतो, तिथे जेमतेम २० वर. दक्षिणेचा डोंगर १००० मीटर उंच धरला तर सपाटीवर सावली पावणेतीन किलोमीटर! आपली मुलं सवयीने सावलीची जागा शोधतात, तिथे उन्हाची शोधायची.

स्विस १:२५००० नकाशात आल्प्सच्या भागात समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दर २० मीटर उंचीला एक अशा असतात. शेताचे बांध त्यात सापडत नाहीत, ते जागेवर टेपनेच घ्या.

तिथल्या घरांच्या भिंती म्हणजे आडवे रचून कोपऱ्यात खाचांनी अडकवलेले तासीव ओंडके. लाकूड वाळताना भिंत खाली बसते, म्हणून खिडकीच्या चौकटीवर फट सोडतात. रेखाटताना नेमकी तीच राहून जाते.

छेदाचा सराव नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराच्या उतारावर होईल, पण पावसाळ्याआधी उरका.