बोन्सायची जाड फांदी कापली, जखमेला नक्की काय लावू?

पारंबी:
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. माझं फायकस ९ वर्षांचं आहे, परवा त्याची मागची अंगठ्याएवढी जाड फांदी खोडालगत कापली. कापली तसा चीक असा काही ओघळायला लागला की ओलं फडकं धरून बसावं लागलं, दहाएक मिनिटांनी थांबला. आता तिथे मोठी गोल जखम आहे आणि कुणी म्हणतं कटपेस्ट (कापलेली जागा झाकायचा लेप) लाव, कुणी मेण, कुणी म्हणतं काहीच लावू नकोस. गेल्या वर्षी बोगनवेलीची जखम उघडी ठेवली होती, पावसाळा संपल्यावर काडी टोचून बघितली तर इंचभर आत गेली, लाकूड पार भुसभुशीत. ते बघून फार वाईट वाटलं, म्हणून या वेळी आधीच विचारतेय. एक चायनीज एल्म आणि एक ज्युनिपर पण छाटायचंय.

कोवळा_कोंब:
ताई, पेस्ट कुठली हे नंतर बघू, आधी जखमेची कड बघा. साल आणि लाकूड यांच्यामध्ये जो पातळ ओलसर हिरवट थर दिसतो ना, तो कॅम्बियम, जखम भरणारा कॅलस, म्हणजे नव्या वाढीचा फुगीर थर, तिथूनच येतो, मधल्या लाकडातून काही येत नाही. करवतीने कापलं असेल तर ती कड चेंदली जाते आणि चेंदलेली कड वाळून मागे सरकते, मग जखम होती त्यापेक्षा मोठी होते. दोन दिवस झालेत तर नवीन ब्लेड स्पिरिटने पुसून घ्या आणि कडेने गोल फिरवत अगदी केसभर साल काढा, ताजी ओली कड दिसेपर्यंत. चीक परत येईल, पाण्याचा फवारा मारून टिपा, आणि तो पूर्ण थांबल्यावरच पेस्ट लावा नाहीतर चिकावर ती धरतच नाही. मधलं लाकूड जरासं खोलगट कोरलंत तर फार छान, कॅलस आत वळला की सपाट बसतो, गाठ येत नाही. कॉन्केव्ह कटर त्यासाठीच असतो.

सालपट:
मी थोडं वेगळं सांगतो. पेस्टने कूज थांबते हा समज चुकीचा आहे. अमेरिकेच्या वनसेवेतले ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडांची खोडं चिरून अभ्यास केला आणि १९७७ मध्ये मांडलं की झाड जखमी भाग दुरुस्त करत नाही, त्याच्याभोवती भिंती घालून तो वेगळा पाडतं आणि वरून नवीन लाकूड वाढवतं. कूज अडवणाऱ्या त्या भिंती झाड स्वतःच घालतं, आपण वरून काहीही फासा. डांबरासारखं काही लावलं तर उलट नुकसानच. मी पेन्सिलपेक्षा बारीक जखमांना काहीच लावत नाही.

कोवळा_कोंब:
सालपटदादा, कुजेबद्दल तुमचं बरोबर आहे, पण ते सगळं जंगलातल्या मोठ्या झाडांचं झालं. बोन्सायमध्ये आपण पेस्ट लावतो ती औषध म्हणून नाही, कॅम्बियमची कड वाळू नये म्हणून. कुंडीतल्या झाडाला जोम कमी, जखम खोडाच्या मानाने प्रचंड, आणि व्रण समोरून दिसतो, त्यामुळे कड ओली राहिली तर एकेक मिलिमीटर वाचतो. माझ्या एल्मवर एकाच वेळी दोन जखमा केल्या होत्या, एक झाकली एक उघडी, झाकलेलीवर पेस्टच्या खालून सगळीकडून सारखा गुबगुबीत कॅलस आला, उघडीची खालची कड वाळून काळी पडली आणि तिथे अजूनही खाच आहे.

पारंबी:
म्हणजे लावायचीच. घरात पेट्रोलियम जेली आणि पांढरा गोंद आहे, चालेल का? आणि काढायची कधी?

कोवळा_कोंब:
पांढरा गोंद पाण्याने विरघळतो, रोज पाणी घालताना निघून जाईल. जेली छोट्या जखमेला तात्पुरती ठीक. तुमच्या जखमेला ट्यूबमधली कटपेस्टच घ्या, पानगळीच्या झाडांना आणि फायकसला ती बरी, पाइन-ज्युनिपरला कणकेसारखी मळायची मिळते ती. मध्यभागी नाही लावली तरी चालेल, कडेवर आणि सालीवर थोडी चढवून लावा. काढायची घाई करू नका, कॅलस वाढला की तोच तिला ढकलतो. वर्षभराने कॅलसची वाढ मंदावलेली दिसली तर त्याची आतली कड ब्लेडने परत किंचित ताजी करा आणि पुन्हा पेस्ट लावा. मोठी जखम मिटायला काही वर्षं लागतात. आणि वरच्या बाजूला एखादी फांदी मोकळी वाढू द्या, तिच्या जोरावर जखम पटकन मिटते.

देवदार:
ज्युनिपरचं मी सांगतो. तिथे फांदी खोडालगत कापूच नका, दोन-तीन इंचाचा खुंट ठेवा, साल सोलून जिन करा (खुंटाचं उघडं वाळकं लाकूड शोभेसाठी तसंच ठेवायचं), म्हणजे जखम लपवायचा प्रश्नच येत नाही. सोललेलं लाकूड वाळलं की लाइम सल्फर लावा, त्याने पांढरं पडतं आणि टिकतं पण. मोकळ्या हवेत लावा, वास भयंकर असतो, आणि मातीवर प्लास्टिक टाका.
बोगनवेलीचं लाकूड मऊ, लवकर कुजतं, तिथे पाणी साचेल असा खोलगट काप कधीच घेऊ नका, उतरता घ्या. तुमचा कुजलेला भाग टणक लाकूड लागेपर्यंत कोरून काढा, वाळू द्या आणि पाणी बाहेर पडायला खाली वाट ठेवा.
जेड असेल कुणाकडे तर तिला काही लावू नका, खुंट ठेवून कोरडी राहू द्या, खुंट आपोआप सुकून गळतो.

पारंबी:
आज सकाळी केलं. कड ताजी केल्यावर हिरवी रेघ अगदी स्पष्ट दिसली, एका बाजूला मात्र दोन मिलिमीटर तपकिरी झाली होती, तेवढी काढावी लागली. पेस्ट लावून झाड सावलीत ठेवलंय. कोंबदादा, वरची एक फांदी तशीच वाढू देतेय, दोन महिन्यांनी फोटो टाकते.