पहिली निवड खेळपट्टीची! पुण्यात आपण आपल्याच आखाड्यात चीत

गहुंजेकर उन्हातला (२६ ऑक्टोबर २०२४, रात्र)

काल आणि आज गहुंजेला होतो, पुण्याच्या स्टेडियमवर, भारत-न्यूझीलंड दुसऱ्या कसोटीला. डोक्यावर छप्पर नाही, टोपीखाली ओला रुमाल आणि समोर त्यांचा डावखुरा फिरकीपटू सँटनर. जेवणाला १ बाद ८१ होते. शेजारच्या काकांनी बोटावर हिशेब मांडला, "३५९ तर हवेत, दोन सेशन खेळलो की झालं." यशस्वी जैस्वाल असा काही मारत होता की मलाही पटलं. जेवणानंतर मात्र २ बाद १२७ वरून ७ बाद १६७. काका गप्प. मधेच ऋषभ पंत शून्यावर धावबाद झाला तेव्हा फक्त "अरे चाललंय काय" एवढंच म्हणाले आणि पुन्हा गप्प.

११३ धावांनी हरलो. घरच्या मैदानावर सलग १८ मालिका जिंकल्यावर, २०१२ नंतर पहिल्यांदा मालिका घालवली. तीही कुणाकडून, तर महिन्याभरापूर्वी श्रीलंकेत ०-२ मार खाऊन आलेल्या, विल्यमसन नसलेल्या न्यूझीलंडकडून. या मालिकेआधी भारतात त्यांनी आयुष्यात दोन कसोट्या जिंकल्या होत्या, १९६९ ला नागपुरात आणि १९८८ ला वानखेडेवर. आता पंधरवड्यात दोन.

सगळीकडे रोहितला काढा, विराटला काढा सुरू झालंय. माझं म्हणणं वेगळं आहे. संघनिवडीच्या आधी एक निवड होते, ती खेळपट्टीची. बंगळुरूला ढगाळ हवेत आधी फलंदाजी घेऊन ४६ वर गारद झालो (अंदाज चुकला हे रोहितने स्वतःच कबूल केलं) आणि त्या धसक्यात पुण्यात काळ्या मातीचा संथ, खाली राहणारा आखाडा (म्हणजे फिरकीला भरपूर वळण देणारी खेळपट्टी) केला. अशा आखाड्यावर अश्विन आणि सँटनर यांच्यातला फरक पुसला जातो. चांगल्या खेळपट्टीवर अश्विन सँटनरच्या चार पायऱ्या वर आहे. आखाड्यावर दोघांनाही जागेवर टप्पा टाकता आला की पुरे. सँटनरने त्याआधी कसोटीच्या एका डावात कधी पाच बळी घेतले नव्हते. इथे ७ आणि ६.

मागच्या बारा वर्षांत, ही मालिका सोडून, घरी चार कसोट्या हरलो. पुणे २०१७, चेन्नई २०२१, इंदूर २०२३, हैदराबाद २०२४. चेन्नई सोडा, तिथे रूटने २१८ केल्या. बाकी तिन्हींत बघा कोणी लोळवलं. तीन नवखे फिरकीपटू: ओ'कीफ (१२ बळी, याच मैदानावर), कुन्हमनची दुसरीच कसोटी, हार्टलीचं पदार्पण. यातल्या कुणाचं नाव ऐकून आपल्या फलंदाजाची आदल्या रात्री झोप उडाली असती?

---

बारावा गडी

धागा छान, पण हे म्हणजे मुलगा नापास झाला की बाकाला दोष देण्यासारखं आहे. त्याच खेळपट्टीवर न्यूझीलंडने २५९ आणि २५५ केल्या ना? लॅथम ८६, कॉन्वे ७६. ते काय काळ्या मातीत वाढलेत?

विराट सँटनरच्या फुलटॉसवर त्रिफळाचीत झाला. फुलटॉस! चेंडू जमिनीला लागलाच नाही, त्यात खेळपट्टीचा काय दोष? रोहित पहिल्या डावात साउदीला भोपळ्यावर, तोही फिरकी नव्हे. बांगलादेशविरुद्ध रोहितच्या चार डावांत मिळून ४२ धावा, इथे चार डावांत ६२ आणि त्यातल्या ५२ एकाच डावात. विराटचं शेवटचं कसोटी शतक जुलै २०२३ चं, पोर्ट ऑफ स्पेनचं. आणखी किती "एक मोठी खेळी येतेय" ऐकायचं?

---

जामठा एक्सप्रेस

मी नागपूरची, त्यामुळे आखाड्याचा अपमान व्यक्तिशः घेते.

२०१५ ला आमच्याकडे दक्षिण आफ्रिका ७९ वर आटोपली, अश्विनचे सामन्यात १२ बळी. तेव्हा "दर्जेदार फिरकी" म्हणून सगळे नाचले. २०२३ ला ऑस्ट्रेलिया ९१ वर गेली, तेव्हाही. जिंकलो की मातीचा गुण, हरलो की मातीचा दोष, हे काही बरोबर नाही. आणि त्या २०२३ च्या सामन्यात रोहितने १२० केल्या होत्या हे बारावा गडी सोयीस्करपणे विसरले. मी होते स्टँडमध्ये. दोन्ही संघांत मिळून ते एकच शतक. त्या दिवशी तो पाय असा काढायचा की वाटावं चेंडू वळतच नाहीये.

तेव्हा गहुंजेकर, आखाड्यावर खेळता येतं. आपल्याला येईनासं झालंय.

---

बारावा गडी

@जामठा: विसरलो नाही. यंदा राजकोटला १३१ आणि धरमशालाला १०३ केल्या, तेही लक्षात आहे. पण "होते" आणि "आहे" यात फरक असतो ताई.

---

डावरा सांगलीकर

तालुका पातळीवर पंधरा वर्षं डावखुरी फिरकी टाकली, त्या अनुभवावर बोलतो. लोकांना वाटतं खूप वळणारा चेंडू विकेट काढतो. नाही हो. खूप वळला की बॅटला चुकवून जातो, सगळे "ऊऊऊ" करतात आणि गोलंदाज कपाळावर हात मारतो. विकेट काढतो तो *न वळलेला*. एक हातभर वळला, दुसरा त्याच टप्प्यावरून सरळ आत आला, फलंदाजाची बॅट पहिल्याच्या वाटेवर. पायचीत नाहीतर दांडी गुल. आणि गंमत अशी की कुठला वळणार हे माझं मलाही माहीत नसायचं! मलाच माहीत नाही तर तो काय ओळखणार.

वॉशिंग्टन सुंदरच्या पहिल्या दिवशीच्या सात बळींत पाच जण त्रिफळाचीत आहेत, ते उगाच नाही. सँटनरने त्यावर वेग कमीजास्त करायची भर घातली. विराट फुलटॉसवर गेला तेही त्यातलंच. ठरवून आडवी बॅट काढली होती, चेंडू हवेतच अंदाजापेक्षा पुढे आला. म्हणजे बारावा गडी म्हणतात तसं माती लागली नाही हे खरं, पण माती डोक्यात होती.

---

बारावा गडी

"माती डोक्यात होती." हे मात्र पटलं. मग ती काढायला रणजी खेळा की! विराट शेवटचा रणजी खेळला २०१२ ला, रोहित २०१५ ला. गेल्या महिन्यात दुलीप करंडक होता, दोघेही नव्हते. सचिन चाळीशीत, निवृत्तीच्या उंबरठ्यावर, लाहलीच्या गवताळ खेळपट्टीवर हरियाणाविरुद्ध उतरला आणि नाबाद ७९ करून सामना काढून आला. त्याला काय सिद्ध करायचं उरलं होतं?

---

खडूस दादरकर

अखेर कोणीतरी रणजीचं नाव काढलं. आमच्याकडे अजिंक्य रहाणेने मुंबईला ४२ वा रणजी करंडक मिळवून दिला, या महिन्यात २७ वर्षांनी इराणी करंडक जिंकून दिला. तिकडे पुजाराने परवाच छत्तीसगडविरुद्ध २३४ ठोकल्या. ऑस्ट्रेलिया दौऱ्याचा आपला संघ काल जाहीर झाला, दोघांचंही नाव नाही. ज्या दोघांनी तिथे आधी मालिका जिंकून दिल्यात, ते.

सरफराजचं काय? इराणीत नाबाद २२२, बंगळुरूला १५०, पुण्यात ११ आणि ९. आता बघा, दोन डावांत याला बाहेर काढायची भाषा सुरू होईल. दोन वर्षं चाचपडणाऱ्या ज्येष्ठांना मात्र कोणी हात लावणार नाही.

---

गहुंजेकर उन्हातला

@दादरकर, अजिंक्य-पुजाराबद्दल हळहळ मलाही आहे, पण पुढे बघायचं असेल तर मागे वळून किती बघणार? आणि मुंबईकरांनो, आमच्या ऋतुराज गायकवाडला भारत 'अ'चं कर्णधारपद देऊन ऑस्ट्रेलियाला पाठवलंय, मुख्य संघात जागा नाही. तरी आम्ही रडतोय का? (रडतोय. पण मनातल्या मनात.)

आणि एक कबुली. पहिल्या दिवशी घरी टीव्हीसमोर नाणेफेकीनंतर मी मोठ्याने म्हणालो होतो, कुलदीपला बसवून सुंदर? केवळ आठव्या नंबरला बॅट धरता येते म्हणून? बायको साक्षीदार आहे. चहाच्या वेळेपर्यंत तिने मला तीनदा "सुंदर काय करतोय रे?" असं विचारलं. सात बाद केले त्याने. सामन्यात ११. शब्द गिळले.

तरी प्रश्न शिल्लकच राहतो. फलंदाजी लांबवायला ज्याला घेतलं त्याने गोलंदाजी केली, आणि लांबवलेली फलंदाजी १५६ वर आटोपली.

---

ऑकलंडवासी

इथे संध्याकाळी पाचला खेळ सुरू होतो, त्यामुळे ऑफिस सुटल्यावर निवांत बघतोय. शेजारी किवी आहे, त्याला अजून विश्वास बसत नाहीये. इथल्या लोकांनाही ०-३ ची खात्री होती, फक्त उलट बाजूने.

तिकडे बसून एक गोष्ट कदाचित दिसत नसेल. या किवी संघात आखाड्यावर स्वीप सगळे मारतात. सुबक नाही मारत, पण मारतात. आपले पुढे येऊन बचाव करतात आणि शॉर्ट लेगच्या हातात देतात. खेळपट्टी दोघांना सारखी होती, तयारी सारखी नव्हती.

---

गहुंजेकर उन्हातला

मान्य. पण मग आपल्याला येत नाही हे ठाऊक असताना पेपर त्याच विषयाचा का काढायचा? इंग्लंडविरुद्ध हैदराबाद हरल्यावर पुढे बऱ्या खेळपट्ट्यांवर खेळलो आणि ४-१ जिंकलो. विशाखापट्टणमला बुमराहने पोपच्या दांड्या उडवल्या तो यॉर्कर आठवा. राजकोटला ४३४ धावांनी जिंकलो. बऱ्या खेळपट्टीवर आपल्याकडे बुमराहही असतो. आखाड्यावर आपण त्याला आपल्याच हाताने बसवतो.

आता वानखेडे. २०१२ ला याच वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध धोनीने हट्टाने फिरकीची खेळपट्टी मागून घेतली होती. पानेसरने सामन्यात ११ काढले, सचिन दोन्ही डावांत त्यालाच ८ वर, आणि पीटरसनने १८६ मारल्या. दहा गड्यांनी हरलो आणि पुढे मालिकाही. तेव्हा "पूर्वीचे फलंदाज फिरकीवरच जन्मले" हे सुद्धा सांगू नका कोणी. पुन्हा तेच करू नये एवढीच इच्छा.

---

जामठा एक्सप्रेस

करतील. लिहून घ्या.

---

खडूस दादरकर (१ नोव्हेंबर, रात्र)

लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त साधला आहे. वानखेडेवर आपले १ बाद ७८ वरून ४ बाद ८४. यशस्वी रिव्हर्स स्वीपवर, सिराज नाइट वॉचमन म्हणून आला नि पहिल्याच चेंडूवर गेला, विराट धावबाद. आठ चेंडूंत तीन. घरात आई आरती म्हणत होती, मी टाळ्या चुकवत होतो.

सिराजला पाठवायची कल्पना कोणाची हे कोणी सांगेल का? आणि रिव्ह्यूही वाया घालवून गेला तो.

---

खडूस दादरकर (२ नोव्हेंबर, दुपार)

आणि सरफराज आठव्या नंबरला! रणजीत हजारो धावा केलेला माणूस, घरचं मैदान, आणि सुंदरच्या जरा आधी. शून्यावर गेला. डावखुरा-उजवा जोडी जमवायची म्हणे. जोडी जमवायला हे काय वधूवर मंडळ आहे?

---

डावरा सांगलीकर (३ नोव्हेंबर)

१४७ हव्या होत्या. ५ बाद २९. एजाझ पटेल, मुंबईतच जन्मलेला. २०२१ ला इथेच एका डावात दहा काढले होते, तरी तेव्हा आपण ३७२ धावांनी जिंकलो होतो. आज ११. वानखेडेवर दोन कसोट्यांत २५ बळी त्याचे.

या वेळी लाल माती होती, उसळी होती, पण वळणही तेवढंच. सरफराज फुलटॉसवर झेल देऊन गेला. पुन्हा फुलटॉस. मी काय म्हटलं होतं?

---

बारावा गडी

२५ धावांनी हार, ०-३. तीन किंवा जास्त कसोट्यांच्या मालिकेत घरी असा सफाया आपल्या इतिहासात पहिल्यांदाच. भाऊबीजेला बहिणीकडे गेलो होतो. भावोजींनी टीव्ही बंद केला आणि करंजी पुढे सरकवली.

मालिकेत रोहित ६ डावांत ९१, विराट ६ डावांत ९३. गहुंजेकर, आता तरी?

---

गहुंजेकर उन्हातला

आता तरी काय? पंतने ५७ चेंडूंत ६४ केल्या, त्याच खेळपट्टीवर. बाकी सगळ्यांच्या मिळून, अवांतर धरून, ५७. हे तुमच्या बाजूने वापरायचं की माझ्या, हेच कळेनासं झालंय.

---

जामठा एक्सप्रेस

माझ्या बाजूने. खेळता येतं हे मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं.

---

गहुंजेकर उन्हातला

अकरातल्या एकाला येतं, असं म्हणू या. आणि आखाडा करतील हेही तुम्हीच म्हणाला होता, ते सोयीने विसरू नका.

---

खडूस दादरकर

ऑस्ट्रेलियाविरुद्धची पहिली कसोटी पर्थला २२ तारखेला सकाळी ७:५० ला सुरू. तिथे निदान चेंडू वळणार नाही, कानावरून जाईल. तेव्हा नवीन धागा काढा, यात आता खाली स्क्रोल करताना अंगठा दुखतोय.