गोळाभाताचे गोळे फुटतात, काय चुकतंय?

मदत हवी आहे. अजनी चौकातून खापरीची मेट्रो साडेसातला पकडते, म्हणजे डबा सातच्या आत भरलेला लागतो. सोमवारी ऑफिसात सगळ्यांसाठी गोळाभात न्यायचं कबूल करून बसले आहे.

झालं असं की जेवताना तुरीवरून वाद पेटला. मे 2021 मध्ये केंद्राने तुरीची आयात खुली केली, ते बरोबर की चूक? एका सहकाऱ्याची यवतमाळकडे शेती आहे, तो चूकच म्हणत फारच तापला. मी डाळ विकत घेणारी, तरी मला त्याचंच पटतं. डाळ महागली की सगळ्यांना जाग येते, भाव पडला की कोणी ढुंकूनही बघत नाही. त्याला गार करायला मीच गोळाभाताचं बोलून गेले!

तर अडचण अशी. चणाडाळीचा भरडा, तिखट, हळद, हिंग, मीठ, तेलाचं मोहन, एवढं घालून गोळे वळते. भात अर्धा शिजला की त्यात पुरते. काल निम्मे विरघळून भात पिवळा झाला, उरलेले आतून कच्चे. मोहन जास्त पडतंय की पाणी? आई अंदाजाने करायची, माप कधी विचारलंच नाही.

गोळे आदल्या रात्री वळून फ्रिजमध्ये ठेवले तर चालतील का? वेगळे वाफवून मग भातात घातले तर चव जाते का? आणि एक वाजेपर्यंत भात कोरडा पडतो, तर हिंग-मोहरीचं तेल घरूनच ओतून न्यावं की वेगळ्या डबीत?